नऊ कोटींची गाडी

पेमातांग सिआन्तार
९ फेब्रुवारी २००४

मामांस,

होरास. गाडी झाली. चौदा महिने लागले, पण काल दुपारी दुसऱ्याच लाथेला सुरू झाली आणि समोरच्या कॉफीच्या दुकानातले सगळे बेचाकवाले, साइडकारच्या रिक्षा हाकणारे, उठून रस्त्यावर आले. ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या नाइंगोलानने कान लावून ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "ही बीएसए तर माझी होती." त्याचीच होती. या जुन्या इंग्रजी मोटारसायकलला साइडकार जोडून चाळीस वर्षं त्याने तिच्यावर भाडी मारली, शेवटी भंगारात घालायला निघाला तेव्हा मी घेतली. तिच्यावर आता साइडकार नाही, चेसिस चार बोटं वाढवलं आहे, टाकी मी स्वतः ठोकून केली आहे. फोटो सोबत आहेत. तुम्ही बांडुंगात आहात, जुन्या गाड्यांचे शौकीन तिथे रोज भेटतात म्हणे. गिऱ्हाईक बघाल का?

किंमत नऊ कोटी रुपिया. कशी काढली तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीने हवेत आकडा फेकला. म्हाताऱ्याला दिले सव्वादोन कोटी. टायर, कार्ब्युरेटर, पत्रा, क्रोम, मॅग्नेटोची तार नव्याने गुंडाळून घेतली, हे सगळं मिळून एक. लिमकाकांच्या लेथचं भाडं पन्नास लाख. माझे चौदा महिने, सिआन्तारात चांगल्या मेकॅनिकला मिळतात ते पंचवीस लाख महिना, म्हणजे साडेतीन. झाले सव्वासात. वरचे पावणेदोन मला येतं त्याचे.

घाई एवढ्यासाठी की लिमकाका मे महिन्यात दुकान बंद करून मुलाकडे मेदानला चालले. लेथ विकायचं आहे, चार कोटींना मला देतो म्हणाले. ते लेथ गेलं तर मी पंक्चर काढत बसेन.

तुमची भाची,
रुमिंतांग


बांडुंग
२० फेब्रुवारी

चि. रुमिंतांग,

होरास. फोटो पोचले. फोनवर विचारलं असतं, पण दोन्ही कानांनी आता पूर्ण राजीनामा दिला आहे, सून ओरडते तेही ओठांवरून वाचतो. तेव्हा पत्रच बरं. गाडी देखणी आहे यात वाद नाही. तुझे बाबा असते तर छाती पुढे काढून चर्चला गेले असते.

पण पोरी, नऊ? चालू स्थितीतली साधी बीएसए अडीच कोटींना मिळते. कोरी करकरीत जपानी गाडी सव्वा कोटीला दारात उभी राहते. तुझ्या गाडीच्या तिप्पट-चौपट भाव घेणारे लोक इथे आहेत, पण त्यांचं नाव आहे, त्यांच्या गाड्या मासिकांत छापून येतात. सिआन्तारच्या रुमिंतांग सिराइतला कोण ओळखतं? त्यात बाईमाणूस. मी म्हणतो असं नाही, गिऱ्हाईक म्हणेल. माझं ऐकशील तर गाडी बाबांनी बांधली असं सांगू. मेलेल्या कारागिराची शेवटची गाडी म्हटलं की भावही चढतो आणि कोणी शंका घेत नाही.

एक माणूस हेरला आहे. यायात सुमंत्री, बुटांचा कारखाना आहे, घरी सात जुन्या गाड्या. फोटो बघून त्याचे डोळे चमकले ते मी पाहिलं. बोलणी माझ्यावर सोड. चाळीसच्या वर लग्नं या तोंडाने जुळवली आहेत. कान गेले, तोंड शाबूत आहे.

तुझा मामा,
मांगारा सिनागा


सिआन्तार
२ मार्च

मामांस,

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. या गाडीचा एक नटही त्यांनी पाहिलेला नाही. त्यांच्या नावावर ती खपवली तर पुढची कुणाच्या नावावर खपवू? आजोबांच्या?

बाईमाणूस म्हणून गिऱ्हाईक कचरत असेल तर त्याला सांगा, पिस्टनला बाई-पुरुष कळत नाही. तो बरोबर बसला तर चालतो, नाहीतर अडकतो. सुमंत्री साहेबांना यायचं असेल तर येऊ द्या, गाडी उघडून दाखवते.

नऊच. चढवू नका आणि उतरवू नका. तुम्हाला बोलायची हौस आहे हे माहीत आहे, पण हे लग्न नव्हे.

रुमिंतांग

(आईने अंदालिमान मिरी पाठवली आहे. बांडुंगात मिळत नाही म्हणून तुम्ही सुनेच्या माशाला नावं ठेवता असं कळलं.)


बांडुंग
१४ मार्च

चि. रुमिंतांग,

मिरी मिळाली. सुनेने काल कार्प मासा आपल्या पद्धतीने केला, घरभर वास सुटला आणि नातू शिंकत बसला.

तुझं काम झालंच समज. सुमंत्रींशी बैठक झाली, क्लबच्या लोकांसमोर मी नऊ कोटी म्हणून घोषणा केली, जराही मान खाली न घालता. तेव्हा तू निश्चिंत राहा. ते आता तिकडे येतील. आले की थोडी घासाघीस होईल, ते चार म्हणतील, तू नऊ म्हण, मग ते थोडं चढतील, तू थोडी उतर. शेवटी कुठेतरी जमेल. जिथे जमेल तिथे हट्ट न करता हो म्हण. सगळं व्यवस्थित आहे.

आणि एक वडीलधारा म्हणून सांगतो. तुला लेथसाठी चार हवेत. साडेपाच मिळाले तरी लेथ घेऊन दीड कोटी हातात उरतात. माणसाने आपली गरज भागली की देवाचे आभार मानावेत.

मामा


चिबादुयुत, बांडुंग
२५ मार्च

श्रीमती रुमिंतांग सिराइत यांस,

आपली ओळख नाही, क्षमा असावी. आपले मामा श्री. सिनागा यांनी आपली बीएसए दाखवली. फोटो पाहून तीन रात्री झोप नीट लागली नाही, हे कबूल करतो. तरीही मी ती घेणार नाही, आणि कारण सांगणं मला भाग वाटतं.

क्लबच्या चहाच्या दुकानात पहिल्याच भेटीत आपले मामा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, खरी किंमत साडेपाच, चारचौघांत मी नऊ म्हणेन, तुम्ही कुरकुर करा. त्यांना वाटलं ते कुजबुजत आहेत. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. गल्ल्यावरच्या बाईनेही मान वर करून पाहिलं. मग चार दिवसांनी त्याच दुकानात, त्याच लोकांसमोर, ते उभे राहून नऊ कोटी म्हणाले. कोणी हसलं नाही, ते वयाने मोठे आहेत म्हणून. आणखी एक, साडेपाचची गोष्ट भाचीला कळवू नका असंही त्यांनी मला सांगितलं होतं.

मी बूट विकतो. मी न विचारता जो माणूस भाव पाडतो, त्याला बुटाचा तळ कुठे न शिवता नुसता चिकटवला आहे ते माहीत असतं. आपल्या गाडीत काय आहे? इंजिनाला तडा आहे का? कागदपत्रं खोटी आहेत? असतील तर तेवढं मोकळेपणाने कळवावं, म्हणजे निदान माझं मन त्या फोटोंतून सुटेल.

आपला,
यायात सुमंत्री


सिआन्तार
३ एप्रिल

सुमंत्री साहेब,

तडा नाही. कागद खरे आहेत, नंबर म्हाताऱ्या नाइंगोलानच्या नावावर होता, तो जिवंत आहे, दुकानासमोर बसतो, विचारून घ्या.

काय अस्सल नाही ते सांगते. पिस्टन ट्रकचा आहे, लेथवर उतरवून मी बसवला. व्हॉल्व्ह बसचे. चेनच्या बाजूचं झाकण मी वाळूच्या साच्यात ओतलं, तिसऱ्यांदा जमलं. टाकी तेलाच्या पिंपाच्या पत्र्याची. टाकीच्या पोटाखाली वेल्डिंगची रेघ दिसते, ती मी घासून लपवलेली नाही, कारण पुढे कुणाला टाकी उघडायची वेळ आली तर कुठून उघडायची ते त्याला कळावं. लढाईच्या वेळी आलेल्या या गाड्यांचे सुटे भाग पन्नास वर्षांत कोणी पाठवले नाहीत. या गावात त्या अजून धावतात त्या अशाच. तुमच्या दृष्टीने हे सगळं नकली असेल तर गाडी घेऊ नका.

मामा माझ्या वतीने बोलले नाहीत. माझा आकडा नऊ कोटी आहे, पहिल्या दिवसापासून, आणि तो कुजबुजायचा नाही. उघडून बघायची असेल तर या. चहा मी देईन, भाडं तुमचं.

रुमिंतांग सिराइत


सिआन्तार
३ एप्रिल

मामा,

सुमंत्रींचं पत्र आलं. सगळं कळलं.

साडेपाच म्हणजे माझे सात महिने फुकट. हिशोब करा, बरोबर सात. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये.

तुम्ही काय केलंत ते तुम्हालाही कळलं नसेल, इतकं ते तुमच्या अंगवळणी पडलंय. आपल्या लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला सिनामोत देतात, त्याचा आकडा आधी चार माणसं खोलीत बसून कुजबुजून ठरवतात, मग मंडपात सगळ्या गोतावळ्यासमोर तासभर घासाघीस होते आणि शेवटी ठरलेलाच आकडा निघतो. सगळे टाळ्या वाजवतात. सगळ्यांना माहीत असतं. बांडुंगकडच्या सुंदानी माणसाला ते कुठून माहीत असणार? त्याला वाटलं इंजिन फुटकं आहे. तुम्ही माझी गाडी लग्नाला उभी केलीत.

आणि माझंच लग्न घ्या. दहा वर्षांपूर्वी मंडपात तुम्ही माझ्यासाठी ऐंशी लाख मागितलेत, काय आवाज होता तुमचा, मी आत बायकांत बसून ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. पन्नासवर मिटलं. मला वाटलं, त्यांनी घासून घासून तुम्हाला खाली आणलं. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात सासूने सांगितलं की पन्नास आधीच ठरले होते, आणि पहिला आकडा तुमच्याकडूनच आला होता. मागितलंही नव्हतं त्यांनी. चार वर्षं ती बाई मला म्हणायची, तुझ्याच मामाने तुझी किंमत केली, आम्ही कुठे केली. भांडं फुटलं की म्हणायची. मूल होत नाही म्हणून म्हणायची. मी घर सोडलं त्या दिवशी नवराही तेच म्हणाला.

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता सांगते, कारण तुम्ही तेच पुन्हा केलंत आणि वर मला देवाचे आभार मानायला सांगितलंत. गरज भागली की झालं, असं म्हणता. गरज माझी आहे, किंमत गाडीची आहे. मी उपाशी असले म्हणून गाडी वाईट होत नाही.

तुमच्याशी आणखी बोलायचं नाहीये.

रुमिंतांग


बांडुंग
१९ एप्रिल

चि. रुमिंतांग,

पत्र पाच वेळा वाचलं. सुनेने विचारलं काय झालं, तर डोळ्यांत मिरी गेली म्हणालो.

तुझी सासू असं बोलायची हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही, माझ्याकडे बचाव नाही.

पण एक गोष्ट मी दहा वर्षं पोटात ठेवली, ती आता ठेवणं बरं नाही. पन्नासचा आकडा माझा नव्हता. तो तुझ्या बाबांनी मला सांगितला. लग्नाच्या महिनाभर आधी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, पोर सव्वीस वर्षांची झाली, दिवसभर लेथवर असते, हाताचा ग्रीस चर्चलाही निघत नाही, हे लोक मागे फिरले तर दुसरे येणार नाहीत. तू ऐंशी माग म्हणजे माझी लाज राहील, पण आधी त्यांना पन्नासचं सांगून ठेव. मी म्हटलं, भावजी, पोर लाखात एक आहे. ते म्हणाले, मला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. ते रडले. म्हणून मी केलं. मेलेल्या माणसावर ढकलतो आहे असं तुला वाटेल. वाटू दे.

सुमंत्री तुझ्याकडे यायला निघतो आहे. तुझं पत्र त्याने मला दाखवलं. मी बिघडवलं ते माझ्या परीने दुरुस्त केलं आहे. या वेळी मामा तुझ्या बाजूने बोलला आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा मामा


सिआन्तार
१६ मे

मामा,

तुमच्याशी बोलायचं नाही असं लिहिलं होतं, पण हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

बाबांचं वाचून मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, मला तेव्हाच अंदाज होता. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त जिची किंमत होती तिला नव्हतं. बाबांनी ते मायेपोटी केलं हे मला कळतं. तुम्हीही. आणि तरी मी दोघांनाही माफ केलेलं नाही. पुढेमागे करेन की नाही ते माहीत नाही, तुम्ही वाट बघत बसू नका.

सुमंत्री गेल्या सोमवारी आले. बारीक, चष्मेवाला माणूस, नखांत बुटाचं पॉलिश. आधी एक तास गाडीभोवती नुसते फिरले. मग टाकीखाली आडवे झाले, वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि तिथूनच म्हणाले, "टाका सरळ आहे." मी इंजिन उघडून दाखवलं, पिस्टन हातात दिला. नाइंगोलान येऊन बसला आणि त्यांना लढाईच्या आधीपासूनचं सगळं सांगायला लागला, त्यांनी तेही ऐकून घेतलं. मंगळवारी, इंजिन पुन्हा जोडल्यावर, सुमंत्री गाडी घेऊन पारापातचा घाट चढून तळ्यापर्यंत गेले आणि परत आले. हेल्मेट काढलं तर डोळे लाल. वाऱ्याने, म्हणाले.

मग आत येऊन टेबलावर पिशवी ठेवली. एक एक कोटीची बारा पुडकी. मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, तुमच्या मामांनी सांगितलं की मुलगी लाजून नऊ म्हणते, खरी किंमत बारा, आणि या वेळी कानात नाही तर सगळ्या क्लबसमोर टेबलावर उभं राहून सांगितलं. गाडी पाहिल्यावर मला बारा जास्त वाटत नाहीत, मी घासाघीस करणार नाही.

मामा, सत्तराव्या वर्षी टेबलावर चढलात. पडला असतात तर?

मी तीन पुडकी उचलून त्यांच्याकडे सरकवली. ते म्हणाले, "अहो, मी खुशीने देतोय." मी म्हटलं, "किंमत नऊ आहे." ते म्हणाले, बांडुंगात हीच गाडी मी पंधराला विकू शकतो. मी म्हटलं, विका, ती तुमची किंमत असेल. त्यांनी पुडकी पुन्हा माझ्याकडे सरकवली, मी पुन्हा त्यांच्याकडे. नाइंगोलान म्हणाला की तुम्हा दोघांनाही नको असतील तर मी इथेच बसलोय. शेवटी सुमंत्री म्हणाले, माझ्या कारखान्यात तीस वर्षांत असं कोणी बोललं नाही. तीन पुडकी पिशवीत घातली. पावतीवर गाडी कुणी बांधली त्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, त्यांनी खाली सही केली. बुधवारी गाडी ट्रकवर चढवली तेव्हा मी आतच थांबले, बाहेर येववलं नाही.

लेथ घेतलं. लिमकाका हुंदके देत गेले आणि जाताना पट्टा कसा ताणायचा ते तिसऱ्यांदा सांगून गेले.

ते तीन कोटी कशाचे होते ते मला माहीत आहे. तुमच्या मनात गेल्या दहा वर्षांचं जे साचलंय त्याचे होते. ते पैसे गाडीत कुठे बसत नाहीत, मी बसवून बघितले. माझ्या लग्नात तुम्ही माझ्यासाठी कमी केलंत, या वेळी माझ्यासाठी वाढवलंत, आणि दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत. मी लाजत नव्हते, मामा. मला हिशोब येत होता.

डिसेंबरात नाताळला आई तुम्हाला बोलावते आहे. या. मीही जेवायला असेन, माशाला नावं ठेवू नका. दुसरी बीएसए आणून ठेवली आहे, चेसिस वाकलेलं आहे, आठ-दहा महिन्यांचं काम. तुम्ही आलात की लोक तुम्हाला विचारतीलच, ही केवढ्याला जाईल. त्यांना माझ्याकडे पाठवा.

रुमिंतांग